थोडक्यात हुकलं

माझ्या भावाने, बन्सीलालने, चाळीस वर्षं जत्रेत रिंगांचा खेळ लावला, आणि त्यातली तीस वर्षं मी त्याच्या मागे वाकून पडलेल्या रिंगा गोळा केल्या. तेव्हा या खेळाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. माझी कंबर गेली आहे, अक्कल नाही.

खेळ तुम्ही पाहिलाच असेल. मांडवात एक लांबरुंद फळी, फळीवर लाकडी ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यावर एक वस्तू. पुढे साबण, मग कंगवे, डबे, आणि पार मागे भिंतीवरचं घड्याळ. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं आणि वेताची रिंग फेकायची. रिंग ठोकळ्याला पूर्ण वेढून फळीला टेकली, तर वस्तू तुमची. लोक म्हणतात फसवणूक आहे. फसवणूक कसली डोंबलाची! रिंग बसते. घड्याळाच्या ठोकळ्यापेक्षा ती एक सूत मोठी आहे, बन्सीने स्वतः रंधा मारून काढलेलं माप. फक्त ती अगदी सपाट पडायला हवी, आणि माणसाच्या हातातून सुटलेली रिंग सपाट पडत नाही. ती एका कोपऱ्यावर अडकते आणि तिरकी राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, अरेरे, बसलीच होती की!

या 'बसलीच होती'वर बन्सीने आयुष्य काढलं. फळीची मागची बाजू त्याने वीतभर उचललेली, म्हणून घड्याळ हाताशी आल्यासारखं दिसतं. साबणाचे ठोकळे मुद्दाम बारीक, म्हणजे दहा जणांत एकाला काहीतरी मिळतं. रिंगा पाचच द्यायच्या. तीन रिंगांत हात बसतो, चौथी जवळ जाते, पाचवीला वाटतं आता जमलं, आणि तेवढ्यात रिंगा संपतात. हुकलेल्या माणसाला कधी हसायचं नाही, 'गेली' म्हणायचं नाही. हळहळून म्हणायचं, ''थोडक्यात हुकलं, मालक! थोडक्यात!'' तो मालक खिशात हात घालतोच.

एक रिंग मात्र वेगळी होती. दिसायला तशीच, पण तीन सुतं मोठी. कुणी कुरकुर केली की बन्सी ती उचलायचा, सहज टाकल्यासारखी टाकायचा आणि घड्याळावर बसवून दाखवायचा. तिला आम्ही दाखवायची रिंग म्हणायचो. तेवढी लबाडी आहे, नाही म्हणत नाही. आणि पहिल्याच वर्षी, सारंगखेड्याच्या यात्रेत, त्याने मला बजावलं होतं, ''अक्का, हरलेला माणूस कधीतरी घरी जातो. जिंकलेला हलत नाही. म्हणून साबण द्यायचा, घड्याळ नाही.''

हे सगळं मी का सांगतेय? तर बन्सीच्या पोरासाठी. प्रेमराज. आई लवकर गेली, मीच वाढवला. देवपुरात शाळेची गाडी चालवायचा. बायको दिपमाला, फैजपूरची, केळीवाल्यांच्या घरची, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. त्यांना एक मुलगी. चांगलं चाललं होतं हो. मग त्या मोबाइलमध्ये तो खेळ आला.

पैसे लावायचा खेळ नव्हता. असता तर बरं झालं असतं, चार माणसं समजवायला तरी आली असती. रंगीत फळं असायची, तीन सारखी जुळवली की फुटायची. बस्, एवढंच! शिकलेला, मिशी फुटलेला बाप्या दिवसभर फळं फोडत बसायचा. जेवताना फळं, संडासात फळं. गाडीवरचं काम त्यातच गेलं. मी ओरडले, शिव्या दिल्या, एकदा हातातलं लाटणंही उगारलं. ''हो अक्का, एवढी एक झाली की ठेवतो,'' म्हणायचा, आणि खरंच ठेवायच्या बेतात असल्यासारखा दिसायचा.

एका दुपारी दिपमाला बाजारात गेली आणि पोरीला त्याच्याजवळ ठेवून गेली. परत आली तर हा ओट्यावर, मान खाली. ''पोर कथी शे रे?'' मी आतून विचारलं, तर म्हणतो, ''आत असेल की.'' आत कुठली! पोर पांझरा नदीच्या पुलावर सापडली, ट्रका जातात त्या बाजूला, एका फुलवालीने हाताला धरून ठेवलेली. दिपमाला रडली नाही की भांडली नाही. तिने पिशवी भरली. जाताना बन्सीच्या पाया पडली आणि म्हणाली, ''आबा, मले माही पोर जिती पाहिजे. चैत्री पुनवेला जावळ आहे एकविरेला, तेव्हा येईन. तवर यांच्या हातातलं ते सुटलं तर राहीन. नाही तर जावळ करून परत जाईन, आणि मग बोलवायला येऊ नका.'' ती एका शब्दाची बाई. आम्हाला माहीत होतं.

त्या दिवशी बन्सीने पहिल्यांदा पोराच्या शेजारी बसून तो खेळ नीट पाहिला. तासभर पाहिला. पहिले चार डाव सोपे, साबणासारखे. मग एक असा, की सगळी फळं फुटली आणि एकच उरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: 'अरे! फक्त एक चाल कमी पडली!' वर एक अस्वल डोळे पुसत होतं. बन्सीचा चेहरा उतरला.

''अक्का,'' तो मला म्हणाला, ''याम्हा मीच बठेल शे.''

मोबाइलमध्ये तू कसा बसशील बाबा, म्हटलं मी. पण मलाही कळलं होतं. कुठल्या तरी शहरात कुणीतरी बसून ठोकळ्याला रंधा मारला होता, एक सूत राखून. फक्त त्याची जत्रा उठत नव्हती.

बन्सीला वाटलं, पोराला खेळाची आतली बाजू दाखवली की त्याला किळस येईल. त्याने अंगणात फळी मांडली, ठोकळे लावले आणि जे धंद्यात कुणाला सांगत नाहीत ते सगळं पोराला सांगितलं. ते सूत, ती उचललेली फळी, पाचच रिंगा का, 'थोडक्यात' का म्हणायचं. दाखवायची रिंग तेवढी सांगितली नाही, धंद्याची लाज म्हणा. ''बघ, माणूस हरावा म्हणून नाही, माणूस थांबू नये म्हणून हे केलेलं असतं. तुझ्या फोनात हेच आहे. कळलं?''

प्रेमराजने एक रिंग उचलून हातात तोलून पाहिली. मग म्हणाला, ''म्हणजे आबा, सपाट टाकली की बसते.''

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस आशेपुढे आंधळा असतो. दुसऱ्या दिवसापासून प्रेमराजने मोबाइल फडताळात टाकला आणि अंगणात रिंगा फेकायला लागला. सकाळी फेकायचा, दुपारी उन्हात फेकायचा. पोरीच्या वयाची पोरं भोवती जमायची, त्यांच्याशी हसायचा, बोलायचा. किती महिन्यांनी मी त्याचे डोळे वर पाहिले होते! आम्ही दोघं म्हातारे खुळ्यासारखे खूश. बन्सीने फैजपूरला फोन लावला. ''सूनबाई, सुटलं. आठ दिवस झाले, हात लावला नाही.'' पलीकडून दिपमाला पहिल्यांदा रडली. कपडे घेऊन येते म्हणाली, राहायला.

आगीतून उठून फुफाट्यात पडलो होतो, आणि चटका अजून लागायचा होता.

पुनवेला एकविरेच्या यात्रेत आमचा मांडव नेहमीच्या जागी, देवळापासून हाकेच्या अंतरावर. फैजपूरची मंडळी सकाळीच आली. दिपमालाने दोन मोठ्या पिशव्या माझ्याकडे दिल्या आणि माझ्या गळ्यातच पडली. प्रेमराजने पोरीला खांद्यावर घेतलं, हात मोकळे, मोबाइल नाही. पोरीच्या मामाने मांडी घातली, न्हावी वस्तरा पाजळायला लागला. देवळात गर्दी होती, नंबर यायला वेळ होता. ''दोन मिनिटांत आलो,'' म्हणून प्रेमराज गेला.

नंबर आला, हा नाही. दिपमालाची आई म्हणाली, बाप आल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. मी धावत मांडवाकडे गेले. साठी उलटलेली बाई, त्या उन्हात, पण धावले.

हा दोरीशी उभा. भोवती ही गर्दी! एकामागून एक रिंग सुटत होती आणि घड्याळाच्या ठोकळ्यावर तिरकी पडत होती. ''अरे मेल्या, तिकडे वस्तरा थांबलाय!'' मी म्हटलं. ''अक्का, पोरीसाठी घड्याळ घेऊन येतो. अगदी आलंय हातात.'' बन्सी फळीमागून हात जोडत होता, ''भो, आते जाय रे. मी देतो तुला घड्याळ, हे घे, उचल.'' तो म्हणाला, ''तसं नको आबा. जिंकून.''

आणि तिथे माझ्या भावाने ती चूक केली. चाळीस वर्षं ज्याने जत्रेतल्या प्रत्येक माणसाला ओळखलं, तो पोराला ओळखायला चुकला. त्याला वाटलं, एकदा जिंकला की जाईल. फळीखाली हात घालून त्याने दाखवायची रिंग काढली आणि इतर चारांत मिसळून पोराच्या हातात दिली. मी पाहिलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे बन्सी, जिंकलेला हलत नाही, तूच सांगितलंस ना! पण मीही गप्प राहिले. मलाही वाटलं, जाईल.

तिसऱ्या फेकीला रिंग बसली. खट्ट आवाज करून फळीला टेकली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रेमराजने घड्याळ घेतलं, त्याचं तोंड असं उजळलं होतं की मला लग्नातला तो आठवला. त्याने घड्याळ माझ्या हातात दिलं.

''अक्का, हे धर. अजून एकच. आता टप्पा सापडला.''

बन्सीने दाखवायची रिंग गुपचूप परत फळीखाली सरकवली.

मी घड्याळ घेऊन देवळात गेले. काय सांगणार होते? दिपमालाने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न्हाव्याला म्हणाली, ''करा सुरू.'' मामाच्या मांडीवर पोरीचं जावळ उतरलं. मग तिने मुंडण झालेली पोर कडेवर घेतली आणि मांडवाशी येऊन उभी राहिली. पोरीने हाक मारली, ''बाबा, माझे केस गेले!''

''आलो बाळा, आलो,'' तो म्हणाला. मान वळवली नाही. रिंग सुटली, कोपऱ्यावर आदळली, एकदा डोलली आणि तिरकी झाली. आणि बन्सीच्या तोंडून, सून समोर उभी असताना, चाळीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं, ''थोडक्यात!''

त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. पण शब्द गेला होता. दिपमालाने माझ्याकडून पिशव्या मागून घेतल्या. फैजपूरकडची गाडी दीडची होती, ती तिला मिळाली.

बन्सीने त्यानंतर मांडव लावला नाही. ठोकळे चुलीत घातले, रिंगा मोडल्या. काय उपयोग? प्रेमराजने फडताळातून मोबाइल काढला, आता तो त्या घड्याळाखालीच बसतो. फैजपूरला आम्ही दोनदा गेलो. दारात पाणी मिळालं, उत्तर मिळालं नाही. कोर्टाचे कागद आले, त्यावर त्याने सही केली ती एका हाताने, दुसऱ्या हातात मोबाइल.

परवा भाकरी वाढताना माझा संयम सुटला. म्हटलं, ''बायको गेली, पोर गेली, तुला काही वाटतं की नाही रे?'' त्याने मान वर केली. डोळ्यांत खरंच पाणी होतं, खोटं नाही बोलत मी.

''वाटतं ना अक्का,'' तो म्हणाला. ''त्या दिवशी ती पाच मिनिटं थांबली असती ना, तर मी येणारच होतो. थोडक्यात हुकलं.''