शकुंतलाबाईंनी सांगितलेला भाग

करडी गावात रोवणीला आता गाणी म्हणत नाहीत. ज्यांना ती पाठ होती त्या बायांचे गुडघे गेले, काही स्वतःच गेल्या. पण चिखलात वाकून, पाऊल पाऊल मागे सरत दिवसभर धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचे म्हणजे मनाला काहीतरी विरंगुळा लागतोच. ती सोय काही वर्षांपासून शकुंतलाबाई करत. रात्री साडेआठला टीव्हीवर जी मालिका लागते, तिचा भाग त्या दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत सांगत. टीव्ही तसा घरोघरी आहे. पण साडेआठला त्याच्यासमोर नवरा बसलेला असतो, नाहीतर बाई स्वतःच भिंतीला टेकून झोपलेली असते.

मालिका पुण्यातल्या एका बंगल्यातली. नवरा निषाद, बायको गौतमी आणि निषादच्या ऑफिसातली केतकी. निषाद बायकोला फसवतो हे पाहणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गौतमीला कळायचं तेवढं राहिलं होतं. ती दाराशी यायची, पडदा हलायचा, संगीत वाढायचं आणि साबणाची जाहिरात लागायची.

"आंधळी हाय का ते बाई?" टोळी जमवणारी मंदाबाई रोज विचारायची. "एवढ्या लाइटीत दिसत नाही तिले?"

"दिसलं तं सीरियल संपन नं," शकुंतलाबाई म्हणायच्या.

हे त्या अनुभवाने बोलत होत्या. त्यांचा नवरा कैलाश दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. दिवाळीपासून त्याचं रीताकडे जाणं-येणं होतं. रीताचा नवरा हैदराबादला बांधकामावर असतो आणि फोनवर बरा असतो. रीता याच टोळीत, याच रांगेत रोवणी करायची. बायांना सगळं ठाऊक होतं. शकुंतलाबाईंना ठाऊक नाही, अशी मात्र त्यांची समजूत होती, आणि दया म्हणून त्या गप्प होत्या.

शकुंतलाबाई गप्प होत्या त्या मुलीसाठी. टीनाचं लाखनीला जवळजवळ जमलं होतं. मुलाचं हायवेवर टायरचं दुकान, घर स्वतःचं, सासू कमी बोलणारी. साक्षगंध रोवणी आटोपल्यावर करायचं ठरलं होतं. तेवढा वेळ घर उभं दिसायला हवं होतं. आत काय पडलंय ते नंतर पाहता आलं असतं. म्हणून कैलाश आला की त्या ताट वाढत, नाही आला की झाकून ठेवत. गौतमीचा अभिनय लोक पाहत होते. यांचा कोणी पाहत नव्हतं, त्यामुळे तो जास्त चांगला होता.

जुलैत एका रात्री त्यांच्या टीव्हीवर मालिकेऐवजी रिचार्ज करण्याची सूचना आली. कैलाश रिचार्ज करत नव्हता असं नाही. एकाच घरचा करत होता.

दुसऱ्या दिवशी रांग लागली आणि मंदाबाईने नेहमीप्रमाणे विचारलं, "हं, सांग वो. काल काय झालं?"

काल दिसलंच नाही, असं सांगता आलं असतं. मग काहून नाही दिसलं, रिचार्ज काहून नाही केला, कैलाश होता कुठं, असे प्रश्नामागून प्रश्न आले असते. त्यापेक्षा एक भाग रचून सांगणं सोपं होतं. चार वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं सांगणाऱ्या माणसाला तेवढा आत्मविश्वास येतोच.

"काल लय झालं," त्या म्हणाल्या. "निषाद घरी नाही आला. फोन बी लागत नोहता. मंग गौतमी निंगाली त्याले पाहाले."

"निंगाली? खरंच?" बायांचे हात सैल झाले.

"निंगाली. केतकीच्या घरासमोर कोणीच नाही. दारात चपला बी नाही. मंग ते मांगच्या बाजूनं गेली. तं तणसाच्या ढिगाआड याची गाडी उभी."

मंदाबाई खो खो हसली. "बाप्पा बाप्पा! पुण्यात तणसाचा ढीग कुठून आला वो?"

सगळ्या हसल्या. इथे थांबायला हवं होतं. चूक झाली म्हणून आपणही हसलं असतं तर विषय तिथेच बुडाला असता. पण शकुंतलाबाई अशा जागी पोचल्या होत्या की त्यांना पुढचं वाक्य आवरलं नाही.

"असन कोणाच्या घरी," त्या खाली पाहत म्हणाल्या. "तिनं इंजनले हात लावून पायलं. थंडं होतं. म्हणजे लय वेळचा होता थो. अंदर रेडू हासून राहिला होता, अन् हे बी हासून राहिली होती. तिनं दार नाही वाजवलं. घरी आली अन् ताट झाकून ठेवलं. पोरीले सांगितलं, बाबा ट्रॅक्टरवर गेले."

रेडू म्हणजे काय ते पुण्यात कोणाला कळणार नाही. करडीत लहान मुलांनाही माहीत आहे की कैलाशला लहानपणापासून रेडू म्हणतात.

कोणी हसलं नाही. रांगेत तीन बायांपलीकडे रीता उभी होती. तिच्याकडे गाय नाही, बैल नाही. मागच्या वर्षीच्या धानाचं तणस घरामागे तसंच पडलेलं आहे. तिने मान वर केली आणि घाबरलेलं माणूस जे पहिलं सुचेल ते बोलतं तसं बोलली, "काल असं नाही दाखवलं. काल तं तिच्या सासूचा वाढदिवस होता."

टोळीत कालचा भाग पाहिलेली ती एकटीच होती, तेही बायांना त्याच क्षणी कळलं.

रीताने हातातली पऱ्ह्यांची पेंडी पाण्यात ठेवली, बांधीच्या धुऱ्यावर चढली आणि गावाकडे निघून गेली. पाणी पिऊन कोणी परत कामाला लागतं तशा बाकीच्या कामाला लागल्या. शकुंतलाबाईही लागल्या.

कैलाश त्या दिवशी दिवस असतानाच घरी आला. त्याने ओरडा केला नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"तुले माहीतच होतं तं बरंच झालं," तो म्हणाला. "माह्याही जीवाले लय ताण होता." त्याने दोन पँट, चार शर्ट आणि चार्जर पिशवीत घातला. गाडी या वेळी त्याने रीताच्या दारासमोरच लावली.

मोठे दीर गोमाजी यांनी टीनाचं लाखनीचं जमवलं होतं. त्यांनी भावाला बोलावलं नाही, भावजयीला बोलावलं. न्याय करायला सोपी जी व्यक्ती, तिच्यापासून सुरुवात करायची, ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही.

"दिवाळीपासून माहीत होतं तुले?"

"हो."

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"टीनाचं होऊ द्या म्हटलं, भाऊजी."

"मंग आता कायले बोलली? पंधरा दिवसाच्यानं साक्षगंध होतं!"

"मी नाही बोलली. मी सीरियल सांगून राहिली होती."

गोमाजी म्हणाले, "इतके दिवस चालवून घेतलं, म्हणजे तुयी बी कबुलीच होती थे. आता कोणाले काय म्हणाचं?"

लाखनीहून फोन आला. पोरगी चांगलीच आहे, पण यंदा आमच्याकडे करायचं नाही, म्हणाले. नंतर कळलं, त्यांना कैलाशचं आधीच माहीत होतं. सोयरीक करायच्या आधी कोण चौकशी करत नाही? माहीत असलेल्या गोष्टीवर त्यांची हरकत नव्हती. आता ती बांधीत बोलली गेली होती, आणि बोललेल्या गोष्टीवर पाहुण्यांनी काहीतरी म्हणावं लागतं.

फोन टीनानेच घेतला होता. तिने तो शांतपणे आईकडे दिला, आईचं "हो, हो" ऐकलं, आणि भाकरी थापायला बसली.

"आई, तू माह्याशी बोलली असती तं?" तिने तव्याकडे पाहत विचारलं.

एवढ्या महिन्यांत ज्या एका माणसाशी बोलता आलं असतं, ते माणूस त्याच खोलीत झोपत होतं, हे शकुंतलाबाईंच्या आत्ता ध्यानात आलं.

सकाळी मंदाबाई हाक मारत आली. रीता येणार नव्हती, रांगेत एक हात कमी होता. टीनाने ओढणी कमरेला खोचली आणि आईच्या आधी बाहेर पडली.

"तू नको येऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पायाले चिखल्या होतीन. बोटं सडतेत."

"होऊ दे," टीना म्हणाली. "आता कोणाले दाखवाचे हायेत पाय?"

बांधीत मायलेकी शेजारी उभ्या राहिल्या. काल काय झालं, असं कोणी विचारलं नाही. सगळ्या बाया वाकल्या आणि मागे मागे सरू लागल्या.