एल्कच्या डोंगरातला उकाडा

पर्वतापुढे उभं राहिलं की माणसाला आपलं क्षुद्रपण कळतं, असं पुष्कळ थोर लोक सांगून गेले आहेत. माझाही अनुभव तोच आहे. फक्त मी उभा नव्हतो. कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावर एका झुडपामागे उकिडवा बसलो होतो, पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि क्षुद्रपण कळलं ते पर्वतामुळे नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेमुळे.

ही २००४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. बेलव्ह्यूच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा सहकारी दरवर्षी या दिवसांत सुट्टी काढून धनुष्यबाणाने एल्कची शिकार करायला जायचा. एल्क म्हणजे हरणाच्याच कुळातलं, पण घोड्याएवढं जनावर. सहकारी जायचा एवढंच खरं, आणायचा काही नाही. ‘माणूस आणि अरण्य यांचं आदिम नातं’ या विषयावर तो अतिशय गंभीर आवाजात बोलायचा, आणि त्याच आवाजात डोनटचा खोका कोणी संपवला हेही विचारायचा.

त्या वर्षी मात्र कॉफी मशीनपाशी तो साध्या आवाजात बोलला. त्याच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं याच डोंगरात शिकारीत घालवली होती. आता गुडघे गेले होते, आणि ऑक्टोबरात ते मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे राहायला जाणार होते. तंबूच्या तळापर्यंत गाडीने येतील, खुर्चीत बसतील, एवढंच. “निघायच्या आधी एकदा तरी त्यांना माझ्या हातचा एल्क खायला घालायचाय,” तो म्हणाला. “मांस तुकड्या-तुकड्यांनी खाली आणायला माणूस लागतो. येतोस?”

मी हो म्हणालो. माझा डोंगरांचा अनुभव सिंहगडापुरता. तिथे वर पोचलं की पिठलं-भाकरी मिळते. डोंगराकडून माझ्या अपेक्षा तेवढ्याच होत्या.

तळावर पोचलो तेव्हा इतका उकाडा होता की पुण्याच्या मे महिन्याची आठवण यावी. आणि एल्कच्या शिकारीत सगळं हवेवर असतं, हे मला तिथे कळलं. सप्टेंबरात नर माद्यांसाठी शीळ घालत हिंडतात आणि त्या शिळेवरून शिकारी त्यांना गाठतात. पण तोवर एल्कच्या अंगावर हिवाळ्याचा जाड कोट चढलेला असतो. हवा गार असेल तर ते दिवसभर हिंडतात. उकडत असेल तर पहाटे थोडं ओरडून घेतात आणि ऊन चढायच्या आत दाट सावलीत जाऊन बसतात. थोडक्यात, स्वेटर घालून उन्हात कोणी प्रेम करायला जात नाही.

सहकाऱ्याने हवामानाचे अंदाज छापून आणले होते, रंगीत. “शुक्रवारी थंडीची लाट येतेय,” तो वडिलांना म्हणाला.

म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलंही नाही. “एल्कना ई-मेल केलंस का?”

“डॅड, ही मॉडेल्स आता खूप ॲक्युरेट झालीत.”

“तुझ्यासारखा हा पण कॉम्प्युटरवालाच ना?” म्हाताऱ्याने माझ्याकडे हनुवटी उडवली. “मग आपण कॅन्ड बीन्स जपून वापरू.”

शुक्रवार आला. लाट आली नाही. शनिवारी तर तंबूत लोणी वितळलं. उरला रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस.

आता थोडं वाऱ्याबद्दल. पहाटे डोंगरावरची गार हवा दरीत उतरत असते. तेव्हा शिकाऱ्याने एल्कच्या खाली राहायचं, म्हणजे आपला वास त्याच्यापर्यंत जात नाही. ऊन तापलं की हवा उलटी फिरते आणि वर चढू लागते. गारठ्याच्या दिवसांत ती उशिरा फिरते, उकाड्यात लवकर. म्हणून वासाच्या बाबतीत सहकारी फार कडक होता. बिनवासाचा साबण, बिनवासाची पावडर, कपडे पाईनच्या काटक्यांबरोबर पिशवीत बांधलेले. मी सगळं निमूटपणे पाळलं. फोडणीची खिचडी करायचा मोहसुद्धा आवरला.

रविवारी पहाटे अंधारातच चढलो आणि झुडपामागे बसलो. फटफटलं. सहकाऱ्याने एल्कच्या आवाजाची नळी तोंडाला लावून शीळ घातली. आणि वरच्या झाडीतून उत्तर आलं. गंजलेल्या फाटकाला कोणीतरी गाणं शिकवायला घ्यावं तसा तो आवाज होता, पण माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर, या वेळी जवळून. उतारावर ऊन आलं आणि झाडांमधून शिंगं दिसली. सहकारी गुडघ्यावर आला. त्याने बाण लावला. नर खाली येत होता, आणखी थोडा आला की पल्ल्यात.

तेवढ्यात माझ्या मानेला मागून, दरीकडून, हवेची झुळूक लागली. मला बरं वाटलं. मी तेवढाच अरण्याचा जाणकार.

नर थांबला. त्याने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या. मग एवढं मोठं धूड पाचोळ्याचा आवाजही न करता वळलं आणि गेलं.

सहकारी सावकाश माझ्याकडे वळला आणि त्याने हवा हुंगली. “तू काय लावलंयस?”

“काही नाही.”

“काहीतरी आहे. हॉस्पिटलसारखा वास येतोय.”

“तो होय? तो बाम आहे.”

निघताना बायकोने बजावलं होतं, “सीझन चेंज होतोय, तुला लगेच सर्दी होते. रोज छातीला आणि नाकाला लाव, कंटाळा करू नकोस.” मी कंटाळा केला नव्हता. वास नको, हे मी अगदी मनापासून पाळलं होतं. पण वास म्हणजे सेंट, साबण, तेल. बाम हे औषध. आमच्या घरात बामला वास असतो असं कोणी कधी म्हटलेलंच नाही, कारण घरात दुसरा वासच नसतो.

त्या दरीतल्या तमाम एल्कांची नाकं त्या सकाळी मोकळी झाली असणार.

संध्याकाळपर्यंत पुन्हा एकही शीळ ऐकू आली नाही. तळावर परतलो तेव्हा सहकाऱ्याने वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “आला होता ना पण?” त्यांनी विचारलं. “किती जवळ?”

सहकाऱ्याने अंतर दाखवायला समोरच्या झाडाकडे बोट केलं. म्हातारा बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिला.

“मोठा होता?”

“मोठा होता, डॅड.”

“बरं,” म्हातारा म्हणाला आणि बीन्सचा डबा उघडू लागला. बायकोने दिलेली धपाटी मी पुढे केली. त्याने त्यांवर बीन्स घालून दोन खाल्ली आणि यात एल्क छान लागला असता, असं म्हणाला. सहकारी उठून गाडीपाशी गेला आणि धनुष्य आत ठेवू लागला.

सूर्यास्ताला हंगाम संपला. आम्ही टी-शर्टांवर घाम पुसत तंबू गुंडाळले.

थंडीची लाट मंगळवारी आली.