सकाळच्या अंकातलं तिसरं चित्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर एखाद्या व्याख्यानातून ओळखत असाल, आणि व्याख्यानात मी फार छान बोलते.

विषय ठरलेला असतो. घरी बसून स्वतंत्र काम करणाऱ्या कलाकारानं स्वतःची जाहिरात कशी करावी? मुलं-मुली वह्या उघडून बसतात आणि हमखास एक प्रश्न येतो — मॅडम, ते आपोआप तयार होणारे अंक, इंटरनेटवरच्या दहा जणांच्या पोस्ट गोळा करून आपल्या नावानं रोज सगळ्यांना पाठवणारे, त्यांचा खरंच काही उपयोग होतो का? मी हसते. म्हणते, माझ्याकडे बघा. माझं पुण्याचं पहिलं मोठं काम अशाच एका अंकानं आणलं, मी चहा पीत बसले होते तेव्हा. टाळ्या पडतात. आणि यात शब्दही खोटा नाही. मी खोटं बोलतच नाही — तीच तर माझी हुशारी.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. कबुली देणाऱ्यानं मान खाली घालून बसावं म्हणतात, पण माझी मान तशी वळत नाही, काय करू? नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ओढणी कमरेला बांधून, शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवणारी मी एकटी मुलगी होते. शाहूपुरीतले व्यापारी गल्ल्यावरून उठून बघायला यायचे. पट्टी न लावता ओढलेली माझी शिरोरेघ आजही कुणी दोरी लावून बघावी. केसभर वाकडी निघाली तर मी हे लिहिणं इथंच थांबवते.

शिकले ते वस्तादांच्या दुकानात. तिथं एक रीत होती. पाटी पूर्ण झाली की खाली उजव्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यानं आपलं नाव बारीक अक्षरात घालायचं — पण वस्तादांनी परवानगी दिली तरच. तोवर काम तुमचं, नाव त्यांचं. ‘कोपरा घे’ असं ते ज्या दिवशी म्हणत, त्या दिवशी दुकानात पेढे वाटले जात. माझ्याबरोबर आनंदादा होता. कबनूरचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, रोज एसटीनं यायचा. त्याला चार वर्षांत कोपरा मिळाला. मला सहा वर्षं झाली तरी नाही. पोरीचं नाव बघून गिऱ्हाईक काय म्हणंल, ही वस्तादांची काळजी.

एके दिवशी आनंदादानं भर दुकानात ब्रश खाली ठेवला. “वस्ताद, तिचं अक्षर माझ्यापरास सरळ हाय. तिला कोपरा न्हाय, तर मलाबी नको.” आणि त्यानं तीन पाट्यांवर आपलं नाव घातलंच नाही. चौथ्या पाटीला वस्ताद नमले. माझ्या पहिल्या सहीचे पेढे त्यानंच आणले होते.

म्हणजे हा माणूस कोण होता, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मग फ्लेक्स आलं. तासाभरात दहा फुटी फलक छापून मिळायला लागल्यावर रंगाचे डबे कोण उघडतो? दुकान बंद पडलं. मी कॉम्प्युटर शिकले, राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं — लोगो, पत्रिका, पुस्तकांची कव्हरं. कुणाची नोकर नाही, कुणाची मिंधी नाही. याचा अभिमान आहे, आणि राहील. आनंदादा मात्र ब्रशच धरून राहिला. शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कुठं एखादी पिठाची गिरणी. त्याच्या कामांचा एक ब्लॉग मीच उघडून दिला. तो मोबाइलवर फोटो काढून आणायचा, मी चढवायची. त्याला मेल कशी उघडायची तेही माहीत नव्हतं.

आणि त्याच सुमाराला — दोन हजारचं दशक संपत आलं होतं — मला ती फुकटची वेबसाइट सापडली. कुणाकुणाचं गोळा करायचं ती नावं एकदा द्यायची, बस्स. रोज सकाळी सहाला ती आपणहून वर्तमानपत्रासारखं एक पान तयार करायची आणि माझ्या यादीतल्या सगळ्यांना मेलनं पाठवायची. वर मोठ्या अक्षरात ‘सुनंदाचा अक्षर-अंक’. खाली माझी कामं, बाहेरच्या चार-पाच जणांची, आणि आनंदादाच्या ब्लॉगवरची. फक्त एक होतं. चौकटीत बसवायला ती वेबसाइट प्रत्येक फोटोच्या कडा कापायची. आता आमच्या पाटीवर नाव कुठं असतं?

बरोबर. पहिल्याच आठवड्यात माझ्या ते लक्षात आलं होतं. लक्षातच आलं नाही, असं लिहायची सोय होती — पण आलं होतं. मी म्हटलं, यंत्र आहे, त्याला काय कळतंय. प्रत्येक चित्राखाली ब्लॉगचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात होतं. ज्याला बघायचं तो बघेल.

त्याच दिवसांत आनंदादा माझ्या खोलीवर आला होता. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात त्याला नोकरी चालून आली होती. मालकाकडून त्यानं महिन्याची मुदत मागून घेतली होती. “म्हैनाभर बघतो,” म्हणाला. “तुझ्या त्या इंटरनेटवरनं एक जरी मोठं काम आलं की न्हाय, तर ब्रश सोडत न्हाय बघ.” मी म्हटलं, येईल की दादा. आणि मनापासून म्हटलं होतं, यावर विश्वास ठेवाल का?

दहाएक दिवसांनी सकाळी मेल आली. पुण्याचे एक गृहस्थ, मसाल्याची तीन दुकानं काढत होते. लिहिलं होतं — तुमच्या आजच्या अंकातलं तिसरं चित्र फार आवडलं, निळ्यावर पिवळी अक्षरं. आम्हाला अगदी अशाच पाट्या हव्यात. हे कॉम्प्युटरवर केलंय की हातानं?

मी अंक उघडला. तिसरं चित्र कुरुंदवाडच्या पिठाच्या गिरणीची पाटी. आनंदादाची.

चहा तसाच गार झाला. मग मी उत्तर लिहिलं — ‘हातानं रंगवलेली पाटी आहे. कधी भेटू या?’ कुणाच्या हातानं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

इथं थांबले असते तरी एक वेळ म्हणता आलं असतं, मोह झाला. पण मी थांबले नाही. दुपारी जेवून उठले आणि गोळा करायच्या यादीतून आनंदादाचा ब्लॉग काढून टाकला. ते काही यंत्रानं केलं नाही. उद्या त्याचं आणखी एखादं चित्र त्या गृहस्थांना दिसलं, त्यांनी खालचं नाव वाचलं, तर? — एवढा विचार करून, शांत डोक्यानं, माझ्या बोटानं मी ते बटण दाबलं.

तो पुढं दर आठवड्याला फोटो घेऊन यायचा. “आलं का गं माझं इंटरनेटवर?” मी म्हणायची, आलं की. ब्लॉगवर यायचंच ना? फक्त तो ब्लॉग आता कुणाला जात नव्हता. पुन्हा शब्द न् शब्द खरा.

पुण्याच्या तिन्ही पाट्या मी स्वतः रंगवल्या. त्याच्या अक्षराचं पोट, त्याची तिरकी तोडलेली टोकं, दोन अक्षरांमधली त्याची ती ऐसपैस जागा — सगळं उतरवलं. आणि सांगते, फार सुंदर उतरवलं. लाज वाटायला हवी तिथं मला आजही अभिमान वाटतो. तोही यातच लिहून ठेवते. त्या पाट्यांनी पुढची कामं आणली, त्या कामांनी व्याख्यानं आणली. ‘सुनंदा शैली’ म्हणतात आता तिला. मी दुरुस्त करत नाही.

महिना संपता संपता आनंदादा एका सोयरिकीसाठी पुण्याला गेला, आणि रस्त्यात त्याला ती पाटी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. मला वाटलं, संपलं. हा माणूस अक्षर ओळखणार नाही? स्वतःचं?

त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“अगं, माझंच अक्षर हाय की ते!” उंबऱ्यातूनच ओरडला. चेहरा नुसता फुललेला. “रस्त्यात हुबा ऱ्हाऊन बघितलं. तुझ्या हातात कवा आलं गं? मला वाटायचं, माझ्यासंगंच संपणार हे. आता संपत न्हाय.” मग बसला, पाणी प्याला आणि सहज म्हणाला, “सोमवारपास्नं मागावर जातोय. आता काय वाटत न्हाय बघ.”

एक वाक्य पुरेसं होतं. दादा, त्यांनी तुझी पाटी बघून मेल केली होती. एवढंच. मुदत अजून संपली नव्हती, मालकाला नाही म्हणता आलं असतं, पुण्याला फोन लावता आला असता. पुढच्या पाट्यांचं बोलणं चालूच होतं. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. तोंडात त्यानं भरवलेला पेढाही होता — हे काय कारण झालं?

त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले त्याचे ब्रश काढले. सगळे. स्वच्छ धुतलेले, केस नीट विंचरलेले. “माझ्या घरात कुणाला कळत न्हाय त्यातलं,” म्हणाला. “तुझ्याकडंच शोभतील.”

मी दोन्ही हात पुढं केले आणि घेतले.