डुमसला रोट मागणारा माणूस

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्यांना हसते. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला घाटात बिनडोक्याचा माणूस लिफ्ट मागतो... आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तर मी तिला तोंडावर विचारलं होतं, "धुणं साचलेलं असतं त्याच दिवशी बरी येते गं तुझी देवी?" अशी मी. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय, म्हणजे बघा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नरडाण्याजवळ आमचं खेडं. घरात आबा, आई, थोरला भाऊ सुधाकर – त्याला मी नुसतं 'भाऊ'च म्हणते – आणि लग्नाला आलेली मी. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू वेगळे मोजून घेतात. ते रोट फक्त भाऊबंदकीतल्यांनी खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडी कण जरी गेला, तरी घराला बाधतं असं मानतात. मी अर्थात मानत नव्हते. रोट मात्र चापून खायचे.

आबांचा धाकटा भाऊ, नानाकाका, मी रांगत होते तेव्हा सुरतेला मागावर कामाला गेले ते परतलेच नाहीत. तरी आई दरवर्षी त्यांच्या नावाचे गहू घ्यायची. त्या वर्षी आबा भडकले. "तो जित्ता राहता ते एखादं पत्र धाडता. बस झायं आते!" आईने मुकाट्याने हात मागे घेतला. त्या वेळी ओसरीवर आम्ही चौघंच होतो, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कुणी बाहेर बोललं नव्हतं.

राखीची ओवाळणी म्हणून भाऊ मला दोन दिवस सुरत दाखवणार होता. पुनव तोंडावर आली होती आणि रोट उरले होते. खरं तर ते घराबाहेर नेत नाहीत, पण आईने आमच्या वाटणीचे फडक्यात बांधून दिले. "कण बी बाहेर जावाले नको, पोरी," तिने पुन्हा पुन्हा बजावलं. आबांचं वेगळंच – "नानाले शोधत बसू नका."

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला, कापडबाजारात पाय तुटेस्तोवर फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बसने डुमसला गेलो. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता... आणि गेले तर समुद्रच नाही! ओहोटी होती. लांबच लांब काळी ओली वाळू आणि पार टोकाला पाण्याची रेघ. "एवढ्या लांब आणलंस ते हा चिखल दाखवायला?" मी म्हटलं. भाऊ हसला, चपला माझ्याजवळ टाकल्या आणि "पाण्याला हात लावून आलोच" म्हणून निघाला.

मी पिशवी घेऊन काठावर बसले. आभाळ भरलेलं, माणसं तुरळक. (डुमसच्या भुतांबद्दल हल्ली काय काय छापून येतं, त्याच्याशी माझा संबंध नाही. तेव्हा तिथे नुसत्या भज्यांच्या गाड्या होत्या.)

बराच वेळ गेला. भाऊ ठिपक्याएवढा झाला होता. तेवढ्यात शेजारी कुणीतरी बसलं. पन्नाशीचा, वाळलेला माणूस, अंगात राखाडी सदरा.

"भूक लागनी व माय. मन्हा वाटाना रोट दे."

सुरतेत अहिराणी ऐकून आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं, की तो स्वतःच्या वाट्याचे रोट मागत होता, आणि रोट तर पिशवीच्या तळाशी होते. मी पिशवी छातीशी धरली. "तुम्ही कोन शेतस?"

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "औंदा मन्हा नावना गहू कोनी मोजा नही."

मी भाऊला हाक मारायला वळले. आणि त्याच क्षणी मला दिसलं – भाऊच्या अलीकडे, जिथे मघाशी कोरडं होतं, तिथे पाणी चमकत होतं. भरती समोरून नाही, बाजूच्या खाडीतून आत शिरली होती. भाऊ पलीकडे अडकला होता आणि त्याला पोहता येत नव्हतं! मी ओरडले, पण वाऱ्यात आवाज कुठे पोचतो? भज्यांच्या गाड्याही लांब होत्या.

"तो यी जाई," माणूस म्हणाला. "तू भिवू नको. दे."

आईचे शब्द कानात होते. द्यावं तर घराला बाधणार, न द्यावं तर... मी फडकं सोडलं आणि सगळेच रोट त्याच्या हातात दिले. तो खाली मान घालून, सावकाश, मायेने खाऊ लागला. मी एकदा त्याच्याकडे, एकदा पाण्याकडे बघत होते. देवाचं नाव घेत होते... हो, मीच.

भाऊ सरळ आला नाही. वाकडातिकडा, कुठे घोट्याएवढ्या तर कुठे गुडघ्याएवढ्या पाण्यातून, जणू वाट माहीत असल्यासारखा आला. मी धावत पुढे गेले. आल्या आल्या तो इकडेतिकडे बघू लागला.

"तो माणूस कुठे गेला?"

"कोण?"

"राखाडी सदऱ्यातला! मागून 'काळू, ए काळू' म्हणून हाक मारली, मग पुढे पुढे चालत राहिला. वळून काही बघितलं नाही."

भाऊला 'काळू' फक्त नानाकाका म्हणायचे.

मी मागे वळले. फडकं घडी करून ठेवलेलं, शेजारी कुणी नाही. भाऊबरोबर मी कुणालाच पाहिलं नव्हतं, आणि माझ्या शेजारचा माणूस भाऊ पार जवळ येईपर्यंत उठला नव्हता. शेवटच्या बसपर्यंत आम्ही किनारा पालथा घातला. भजीवाल्यांना विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं.

घरी सांगितल्यावर आई रडली. आबांनी दुसऱ्या दिवशी सुरतेची गाडी धरली. मागांच्या गल्ल्या हिंडून आठवड्याने रिकाम्या हाताने आले.

मी खूप डोकं चालवलंय. अर्धी सुरत आपल्याच लोकांची, कुणी भुकेला खानदेशी असेल. पण गव्हाचं कसं कळलं? 'काळू' कसं कळलं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने पितरांची घागर भरताना आबा हातात पाणी घेऊन थांबायचे, आणि नानाकाकांचं नाव न घेताच उठायचे. आता भाऊही तसंच करतो.

तुम्ही म्हणाल, भूत होतं. असू दे बाई, मला तर तेच हवंय. कारण ते भूत नसेल, तर माझा सख्खा काका उपाशीपोटी माझ्या शेजारी बसला होता, आणि आम्ही त्याला तिथेच सोडून घरी आलो.