आईची सिंगल एन्ट्री

फ्रीमाँटमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कोणीही भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालं, की आधी माझी एक्सेल शीट मागतं. कुठल्या बंदरावर किती वाजता उतरायचं, कुठली ट्रेन पकडायची, कुठल्या रांगेत अजिबात उभं राहायचं नाही, सगळं त्यात आहे. सांता क्लाराच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांची कामं तारखांच्या चौकटीत बसवते, मग सुट्टीही तशीच बसवते. खोड आहे, जात नाही.

परवाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी शीट घेऊन आम्ही जाऊन आलो, आता परत चाललोय. तीच बंदरं, दुसऱ्यांदा काय बघायचं? तू तर दोनदा जाऊन आलीस, तेवढं लिहून दे ना." तिच्या शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "पहिल्या वेळी ही आईला घेऊन गेली होती. हल्ली कोण नेतं गं आईला? भाग्यवान हो तुझी आई!"

मी प्लेटमधल्या पावभाजीकडे बघत राहिले. आठ वर्षं हे कौतुक मी पदर पसरून घेतलंय. एकदाही कोणाला म्हटलं नाही की अहो काकू, नेलं खरं, पण उतरवलं कुठे?

आठ वर्षांपूर्वी लेक दोन वर्षांची होती. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. म्हणजे कागदावर फिरायला, प्रत्यक्षात नातीला सांभाळायला. आमच्याकडे हे कोणी मोठ्याने बोलत नाही. व्हिसावर 'टूरिस्ट' असतं आणि विमानतळावरून घरी पोचेपर्यंत गाडीतच आईला डायपर कुठल्या कपाटात आहेत ते सांगून झालेलं असतं. सहा महिने तिने पोरीला खाऊपिऊ घातलं, झोपवलं, संध्याकाळी बाबागाडी ढकलत तळ्याला फेऱ्या मारल्या. आम्ही दोघं फ्रीवेवर दोन-दोन तास घालवून घरी यायचो तेव्हा ओट्यावर गरम वरणभात असायचा. ती यायच्या आधीच मला वाटलं होतं, हिला परत जाता जाता काहीतरी छान दाखवावं. हे मनापासून वाटलं होतं, हे मात्र खरं.

आमच्या दोघांचे पासपोर्ट तोवर अमेरिकन झाले होते. आईने येण्याआधीच मुंबईला जाऊन युरोपचा व्हिसा काढून ठेवला होता. आधी विमानाने बार्सिलोना, तिथून बोट. मार्सेल, जिनोआ, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया, नेपल्स आणि परत बार्सिलोना. शेवटी आई मुंबईच्या विमानात, आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या.

आई भूगोलाची शिक्षिका. पुण्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं तिने. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर व्हेसूव्हियस काढायची, मधोमध कापलेला, आतून लाल खडूने रंगवलेला. मीही तिच्याच वर्गात होते एक वर्ष. नेपल्स यादीत आहे कळल्यावर ती नुसती म्हणाली, "अगं बाई, खरंच?" आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर दुकानात येऊन पांढरे स्पोर्ट्स शूज घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. साडीखाली कसे दिसतील म्हणून आरशासमोर दहा मिनिटं उभी होती.

बोटीवर चढलो त्या दुपारी मला कळलं की तिथलं पाळणाघर तीन वर्षांच्या आतली मुलं घेत नाही. हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. माझ्याच शीटमध्ये! पाच दिवस, पाच शहरं, प्रत्येक तिकीट आगाऊ काढलेलं, आणि दोन वर्षांची पोरगी दुपारी झोपल्याशिवाय घर डोक्यावर घेणारी. माझं टाळकंच सरकलं. तेवढ्यात आई पासपोर्ट हातात घेऊन आली.

"अगं, ह्याच्यावर सिंगल एन्ट्री लिहिलंय. बार्सिलोनाला विमानतळावर शिक्का बसला, म्हणजे स्पेनची ती एन्ट्री झाली. आता बोटीतून उद्या फ्रान्समध्ये उतरले, परवा इटलीत उतरले, तर ती दुसरी एन्ट्री नाही का व्हायची?"

नाही व्हायची. स्पेन, फ्रान्स, इटली, तिघांचा व्हिसा एकच. एकदा आत आलं की ह्या तिन्ही देशांत कितीही वेळा चढा-उतरा, कोणी विचारत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नवरा तोंड उघडणार, इतक्यात मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

"हो गं आई," मी म्हटलं. "रिस्क नकोच घ्यायला."

बस, एवढंच. मोठं खोटं बोलताना माणूस घाबरतो, अडखळतो. मी अडखळलेसुद्धा नाही. आईच म्हणाली, "मग असं करा, पोरगीला ठेवा माझ्याजवळ. तुम्ही दोघं फिरून या. मी बघीन इथून." मला किती हलकं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मार्सेलला आम्ही टेकडीवरच्या चर्चमध्ये गेलो. लिव्होर्नोहून पिसा आणि फ्लॉरेन्स एका दिवसात उरकलं. चिव्हितावेक्कियाहून रोमला गेलो, पळत पळत. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही नवरा-बायको हातात हात घालून चाललो, आइस्क्रीम खाल्लं, हसलो. संध्याकाळी बोटीवर यावं तर आई डेकवर बाबागाडी पुढेमागे करत असायची. "आज तीन क्रेन मोजल्या आम्ही," ती सांगायची. "लाल दोन, पिवळी एक."

नेपल्सच्या सकाळी ती आमच्याआधी तयार होती. पायात ते पांढरे शूज. व्हेसूव्हियस समोर दिसत होता, फळ्यावर काढायची अगदी तसाच, फक्त कापलेला नव्हता. ती म्हणाली, "मी त्या दारावरच्या माणसाला नुसतं विचारू का गं? पाच मिनिटं उतरू देतात का, एवढंच. जमिनीला पाय लावून लगेच परत येते. पोरगीला कडेवर घेऊन जाते हवं तर."

त्याने सांगितलं असतं, जा की आजी, खुशाल जा. मग चार दिवसांचं माझं खोटं उघडं पडलं असतं. आणि मी घाबरले की ओरडते.

"आई, प्लीज! उगाच कोणाला काही विचारायला जाऊ नकोस. ते पासपोर्ट ठेवून घेतील, परत जाताना विमानतळावर अडकवतील तुला. मग आम्ही काय करायचं?"

आईला शिक्का, खिडकी, अधिकारी ह्यांची फार भीती वाटते. मुंबईच्या व्हिसाच्या रांगेत ती सगळी कागदपत्रं छातीशी धरून उभी होती, हे मला माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच मी तसं बोलले. ती "बरं बाई" म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसून तिने शूज काढले. आम्ही पॉम्पेईला गेलो. येताना मी तिच्यासाठी व्हेसूव्हियसचा मॅग्नेट आणला, फ्रिजवर लावायचा. पुण्याला तिच्या फ्रिजवर तो अजून आहे.

ह्या मे महिन्यात आम्ही परत गेलो. तीच बोट नव्हे, पण तीच बंदरं. लेक आता दहा वर्षांची आहे. नवरा म्हणाला, "आता धावपळ नको, यार. ह्या वेळी बंदराच्या गावातच फिरू." मीही हो म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी शहर बघतच नाहीये. मी घड्याळ बघतेय. बोटीच्या जिन्यापासून बाबागाडी ढकलत, सहासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला पंधरा मिनिटांत काय काय बघता आलं असतं, हे मोजतेय.

खूप काही! चिव्हितावेक्कियाला लोक उतरतात ते थेट रोमची ट्रेन पकडायला, आम्हीही तेच केलं होतं. अहो, बंदराला लागूनच दगडी किल्ला आहे आणि पुढे समुद्राच्या कडेने चालायचा रस्ता. तिथे बाकांवर इटालियन आज्या बसल्या होत्या, समोर बाबागाड्या. मी त्यातल्या एका रिकाम्या बाकावर बसले आणि मला उठवेना. लिव्होर्नोला शटल बस गावात सोडते, तिथून चार पावलांवर कालवे आणि जुनं छताखालचं मार्केट. मासळी, टोमॅटो, लसणाच्या वेण्या. आईने त्या मार्केटात दोन तास काढले असते आणि प्रत्येक भाजीचा भाव खुणांनी विचारला असता. जिनोआच्या बोळांत भर दुपारी सावली असते, पोरगी गाडीत छान झोपली असती. म्हणजे आम्ही सगळेच उतरू शकत होतो. नुसती माझी यादी जरा लहान करायची होती.

नेपल्सला बोट लागते ती गावाच्या उंबऱ्यातच. रस्ता ओलांडला की किल्ला. रस्त्यात मोठेमोठे काळे दगड बसवलेले. आमच्याकडच्या काळ्या पाषाणासारखेच दिसले, म्हणून मी किल्ल्याच्या तिकिटाच्या खिडकीतल्या बाईला विचारलं, हे दगड कुठले? तिने हात वर करून डोंगराकडे दाखवलं. "व्हेसूव्हियो."

लाव्हाचा दगड. बोटीपासून पाच मिनिटांवर, फुकट, पायाखाली. आणि मी मॅग्नेट नेला होता.

लेक वाकून दगडावर हात फिरवत होती. "व्हॉट डिड आजी से, व्हेन शी सॉ धिस?"

"आजी उतरली नव्हती."

"व्हाय?"

नवरा डोंगराकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तू लहान होतीस ना, म्हणून."

"सो इट वॉज बिकॉज ऑफ मी?"

"नाही नाही, तसं नाही," मी घाईघाईने म्हटलं. तिला पटलं नाही, हे दिसत होतं. आठ वर्षांनीसुद्धा माझी जीभ तशीच पटकन वळली, आणि ह्या वेळी मी पोरीच्या अंगावर ढकललं. मला तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पॉटलकनंतरच्या रविवारी सकाळी मी मैत्रिणीसाठी नवी शीट उघडली. वर लिहिलं, 'दुसऱ्यांदा जाताना'. पहिली ओळ: 'नेपल्स. बोटीतून उतरा. रस्ता ओलांडा. खाली बघा.' त्यापुढे काही सुचेना. आईला सांगायचंच, असं मी बोटीवरून परत येतानाच ठरवलं होतं, आणि तेव्हापासून रोज पुढे ढकलत होते. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. पुण्यात संध्याकाळ झाली होती, ती ओट्याशी उभी होती, मागे फ्रिज.

"अगं, एक गंमत सांगायची होती. आपल्या शेजारच्या काकू मुलाबरोबर त्याच क्रूझला गेल्या होत्या ना, काल आल्या. मी त्यांना जाताना बजावून सांगितलं होतं, सिंगल एन्ट्री असली तर उतरू नका हो, अडकाल. त्या दोन दिवस बसून राहिल्या बिचाऱ्या. मग मुलाने बोटीवर विचारलं, तर ते लोक हसले म्हणे. सगळीकडे उतरल्या मग त्या. काल चार बायकांसमोर मला म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो असं?"

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, आमच्या वेळी तसाच नियम होता. आता बदलला असेल." ती स्क्रीनकडे न बघता कोथिंबीर निवडत होती. "बदललाच ना गं नियम?"

नुसतं हो म्हणायचं होतं. दार तिनेच उघडून दिलं होतं, मला फक्त बाहेर पडायचं होतं. मला रडू फुटलं.

"नाही आई. नियम तेव्हाही हाच होता. तू उतरू शकत होतीस."

"कुठे?"

"सगळीकडे."

"नेपल्सला?"

"हो."

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो आई. माहीत होतं. पोरीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मी... चुकलं माझं. फार चुकलं गं."

ती परत कोथिंबीर निवडायला लागली. कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मी म्हटलं, परत जाऊ या, मी तिकिटं काढते, तू नि मी दोघीच जाऊ. ती म्हणाली, "आता गुडघे कुठे राहिलेत?" मी म्हटलं, शिव्या दे मला, काहीतरी बोल.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदा स्क्रीनकडे नीट बघितलं.

"शेजारच्या काकूंना ह्यातलं काही कळता कामा नये. माझी मुलगी अशी आहे, असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. दिवाळीत तू येशील तेव्हा त्या विचारतीलच. तूही तेच सांग, नियम बदलला म्हणून." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "तुला जमेल."