आधी समोरच्याची बाजू

माझी भाची बबडी एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, असं आमचे दादा म्हणतात. दादा म्हणजे तिचे वडील, माझे थोरले भाऊ. त्यांनी स्वतः कधी कुणाला दोन वाक्यं सलग बोलू दिली नाहीत, ते सोडा. माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या समोरच आहे, त्यामुळे बबडीचे उद्योग मला घरच्यांच्या आधी कळतात.

नववीत तिने शाळेत डिबेट क्लब काढला. सर म्हणाले खोली नाही, तर प्रयोगशाळेत, बेसिनांच्या मधल्या जागेत यांची सभा भरायला लागली. दारावरचा कागद माझ्याकडून फुकट छापून घेतला आणि वर म्हणे, "आत्या, अक्षर जरा जाड हवं होतं."

क्लबचा नियम मात्र तिचाच. भांडायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, तेही त्याला पटेल असं. तो "हो, हेच" म्हणाला, की मग आपलं सुरू करायचं. घरीही तेच. दादांनी मोबाईल काढून घेतला तेव्हा या बयेने दादांची बाजू इतकी झकास मांडली की दादा खूश, आणि मोबाईल कपाटातच. मी म्हटलं, "हे कसलं गं भांडण?" तर म्हणाली, "आता ते रागावलेले नाहीत ना? उद्या बोलते." दुसऱ्या दिवशी मोबाईल हातात. आमच्या घराण्यात ऐकून घेणारं माणूस पहिल्यांदाच जन्माला आलं, हे मी दादांच्या तोंडावर सांगितलंय.

यंदा नगरपालिकेने संध्याकाळची बस बंद करायचं ठरवलं. क्लबमधली बबडीची जिवाभावाची मैत्रीण त्याच बसने वीटभट्टीपलीकडे घरी जाते. शाळा दुपारची, सुटेपर्यंत अंधार पडतो आणि भट्टीच्या रस्त्यावर दिवा नाही. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, बस गेली की शाळा बंद. मुलगी अबोल. क्लबमध्ये इतरांच्या मुद्द्यांची टिपणं काढायची, स्वतः कधी उभी राहिली नव्हती.

मग काय, क्लब पेटला. पत्रकं वाटली, थांब्यावर सह्या घेतल्या, नगरपालिकेच्या सभेत बोलायची परवानगी मिळवली. सभेच्या दिवशी दुकान बंद करून मीही गेले. मागच्या बाकावर त्या मैत्रिणीशेजारी बसले. पोरगी टिपणवहीचं एकच पान दुमडत आणि उलगडत होती.

सभेचा नियम असा, की प्रत्येकाला ठरलेला वेळ, घंटा वाजली की बोलणाऱ्याने खाली बसायचं. बबडी उभी राहिली आणि सवयीप्रमाणे सुरू झाली. "दवाखान्याच्या बसला माणसं लोंबकळत असतात. आजारी माणसं उभ्याने जातात. आणि ही गाडी रिकामी बाकडी फिरवून आणते. तिच्यापायी ड्रायव्हरला वेळेवर जेवणसुद्धा मिळत नाही." समोरची मंडळी माना डोलवायला लागली. अगं बाई, त्यांचं वकीलपत्र घेतलंस की काय? एवढं मांडून ती बससाहेबांकडे बघत थांबली. वाहतुकीचं खातं सांभाळणारे ते गृहस्थ, त्यांना सगळे बससाहेबच म्हणतात. त्यांनी "हो, हेच" म्हणावं म्हणून ही थांबलेली, आणि त्या बिचाऱ्यांना काय माहीत यांचा नियम.

घंटा वाजली.

अध्यक्षांनी पाठिंब्याबद्दल तिचे आभार मानले. बबडी खाली बसली आणि मैत्रिणीकडे तिला बघवेना. मला इतका संताप आला की तिला तिथेच चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मोबाईलसाठी उद्या असतो, या पोरीच्या शाळेला कुठला उद्या?

मग बससाहेबांची पाळी आली. ते उठले, चष्मा पुसला. "मला हेच म्हणायचं होतं," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या जेवणाचं तर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता माझा वेळ उरलाय. तिला तिची बाजू मांडू द्या."

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मान हलवली. बबडी उठली. मी म्हटलं, सुटलो, आता पोरगी सगळ्यांना गार करणार. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि मागे वळली.

"मी एकदा बोलले," ती म्हणाली. "बस हिची आहे. हिला बोलू द्या."

माझ्या शेजारची पोर उभी राहिली. बाक धरून.

"मी त्या रिकाम्या बसमध्ये असते," ती म्हणाली. "बस बंद झाली की मी घरी बसणार. मला शिकायचंय."

आणि खाली बसली. घंटा वाजवायची कुणाला गरजच पडली नाही.

बससाहेबांनी स्वतःच ठराव मागे घेतला. शाळेच्या दिवसांत छोटी गाडी सोडू, मोठी दवाखान्याकडे वळवू, असं ठरलं. बाहेर आल्यावर मी बबडीला जवळ घेतलं तर ती रडत होती. मी म्हटलं, "अगं, जिंकलात की." तर म्हणाली, "आत्या, ती बोलली." बस वाचल्याचं तिच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं.