विशेबाईंचा राग

डॉक्टर विशेबाई पेशंटचं तोंड उघडायच्या आधी त्याचं बोट बघायच्या. तर्जनी काळी दिसली की सुरू. "मशेरी लावतेस ना गो? मग माझ्याकडं कशाला आलीस?" शहापूरच्या त्या दातांच्या दवाखान्यात मी शिकून नुकताच लागलो होतो. बाई मुरबाडकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या; एवढं शिकूनही बोली सोडली नव्हती. चिडायच्या रोज, पण चिडत चिडतच तासभर वाकून दातांवरचं कीटण खरवडून काढायच्या.

दोन हजार सालानंतर कधीतरी दवाखान्याच्या मालकांनी उजेडाचं यंत्र आणलं. दातापासून सुटलेल्या हिरडीत निळं औषध भरायचं, त्यावर लाल उजेडाची कांडी मिनिटभर धरायची, की जंतू मरतात. बाहेर पाटी लागली : 'न खरवडता, न दुखता हिरड्या बऱ्या!' बाई भर रस्त्यात भडकल्या. "यंत्र खोटं नाय, पाटी खोटी हाय! आदी कीटण काढायचं, मग उजेड. घाण तशीच ठेवून जंतू कितीदा मारशील रे?"

मी मान हलवली. आणि मालकांची घाई पाहून खर्डीच्या हिराबाईंना नुसता उजेड दिला. दोनदा. रक्त यायचं कमी झालं, त्या खूश होऊन गेल्या.

सहा-सात महिन्यांनी परत आल्या तेव्हा पुढचे दोन दात बोटानं हलत होते. हिरडीतून पू येत होता. विशेबाईंनी त्यांचं कार्ड पाहिलं. कीटण काढल्याची नोंद नव्हती, खाली सही माझी. कार्ड त्यांनी माझ्या छातीवर आपटलं.

"दात तूच काढ. आणि का काढतोस, तेही तूच सांग तिला."

मी चाचरत सांगितलं. हिराबाई म्हणाल्या, "मंग तवाच का नाय साफ केलं, डाक्टर? मला कुठं घाई व्हती? मी दिवसभर बसले असते."

उरलेले दात बाईंनी चार खेपांत स्वतः साफ केले. हिरड्यांतल्या फटी जिथं खोल राहिल्या, तिथं नंतर तोच उजेड दिला. ते दात वाचले.

मग त्या मला घेऊन मालकांकडे गेल्या. "पाटी आजच्या आज काढा. हिराबाईचे दात त्या पाटीनं खाल्ले."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, असं झालं?"

नवी नोकरी होती. मी म्हणालो, "मशेरीनं गेले असतील, सर." हिराबाईंनी जन्मात मशेरीला हात लावला नव्हता.

आता बाई फाडून खातील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी हिराबाईंचं कार्ड मालकांच्या टेबलावर हलकेच ठेवलं आणि बाहेर पडल्या. त्याच दुपारी दवाखाना सोडून गेल्या, मुरबाडला स्वतःची खुर्ची मांडली. मी तिथंच राहिलो, पाटीही राहिली. त्या भेकडपणाची चीड अजून गेलेली नाही.

वर्षभरानं मुरबाडच्या एसटी स्टँडवर बाई समोर आल्या. निदान आता तरी चार शिव्या मिळतील, असं वाटलं. त्या थांबल्या, आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "नमस्कार डॉक्टर. आपण बरे आहात ना?"